तारण कृपेने, मग पुढची वाढ कशाने?

पायवाट

आमच्या बायबल अभ्यासगटात सध्या गलतीकरांस पत्र चालू आहे आणि तिसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या वचनावर आमची गाडी अडली आहे. हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे चक्क रागावून विचारतो: आत्म्याने सुरुवात केलीत आणि आता देहाच्या बळावर पूर्णत्वाला जाणार का? वाचताना सगळ्यांनी माना डोलावल्या. पण बोलणं पुढे गेलं तसं जाणवलं, की हा प्रश्न त्या काळच्या गलतीकरांइतकाच आपल्यालाही विचारलेला आहे. म्हणून इथे मांडतो.

तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेने होतं हे कुठल्याही विश्वासणाऱ्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगेल. इफिसकरांस पत्र २:८-९ तोंडपाठ असतं. हे देवाचं दान आहे, कर्मांमुळे नाही, म्हणजे कोणाला आढ्यता बाळगायला जागा नाही. पण त्याच माणसाला बाप्तिस्म्यानंतर काही वर्षांनी विचारा, "आत्मिक जीवन कसं चाललंय?" सगळं उत्तर स्वतःबद्दल येतं. पहाटे उठणं होत नाही, वाचन मागे पडलंय, राग आवरत नाही. देवाने काय केलं, तो आज काय करतो आहे, याचा त्यात उल्लेखही नसतो. आत यायला कृपा लागते आणि आत आल्यावर ज्याचं त्याने बघायचं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे.

गटातल्या एका ताईंनी परवानगी दिली म्हणून लिहितो. त्यांच्याकडे एक वही आहे. डावीकडे तारखा, वरती रकाने: प्रार्थना, वाचन, मध्यस्थी (म्हणजे दुसऱ्यांसाठी प्रार्थना), राग, जीभ. रोज रात्री झोपण्यापूर्वी खुणा करायच्या. यात मला काही वावगं वाटलं नाही, शिस्त चांगलीच असते. पण पुढे त्या म्हणाल्या, "ज्या रात्री रकाने रिकामे राहतात त्या रात्री मी प्रार्थना करत नाही. कुठल्या तोंडाने जाऊ?"

हे ऐकून पोटात कालवलं. कारण इब्री ४:१६ नेमकं उलटं सांगतं. कृपेच्या राजासनाजवळ धैर्याने जा, तिथे दया मिळेल, ऐनवेळी लागणारी मदत मिळेल. आता ऐनवेळ याहून वेगळी कोणती असते? जायची सगळ्यात जास्त गरज ज्या रात्री, त्याच रात्री त्या मागे फिरतात. आणि तेही देवाबद्दलच्या आदरापोटी.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की तारणारी कृपा आणि घडवणारी कृपा या दोन नाहीत. तीताला लिहिलेल्या पत्रात (२:११-१२) पौल म्हणतो, सर्व माणसांना तारण देणारी देवाची कृपा प्रकट झाली आहे आणि तीच आपल्याला शिकवते. अभक्ती सोडायला, मर्यादेने, नीतीने वागायला.

मग हातावर हात ठेवून बसायचं का? मुळीच नाही. पौलाएवढा राबलेला माणूस शोधून सापडायचा नाही. १ करिंथ १५:१० मध्ये तो सांगतो, मी इतर सर्वांपेक्षा जास्त श्रम केले, तरी ते मी नव्हे, माझ्याबरोबर असलेल्या देवाच्या कृपेने. फिलिप्पैकरांना तो सांगतो, भीत कापत आपलं तारण साधून घ्या, आणि लगेच पुढच्या वचनात त्याचं कारण देतो: इच्छाही आणि कृतीही तुमच्यात घडवणारा देव आहे. देव आत काम करतो आहे, तेव्हा तुम्ही कामाला लागा, असा तो क्रम. आधी तुम्ही लागा, मग देव येईल, असा नव्हे.

जक्कयाची गोष्ट मला याच क्रमासाठी आवडते. लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला जकातदार, बुटका, गर्दीतून दिसेना म्हणून झाडावर चढलेला. येशू खाली थांबतो आणि म्हणतो, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. एवढं होईपर्यंत जक्कयाने पश्चात्तापाचा एक शब्द उच्चारलेला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, ज्यांना फसवलं त्यांना चौपट परत करतो, हे त्याचं बोलणं येशूने त्याला जवळ केल्यानंतरचं आहे. आणि ते कुणी मागितलेलंही नव्हतं.

तुमचं काय मत? विशेषतः वेगवेगळ्या मंडळ्यांतल्या लोकांनी लिहावं. आमच्या गटात सगळे एकाच मंडळीतले, त्यामुळे सगळे एकसारखंच बोलतात.

साधा वाचक

वहीचा परिच्छेद दोनदा वाचला. "कुठल्या तोंडाने जाऊ" हे वाक्य मी घरात लहानपणापासून ऐकत आलो आहे. सवडीने लिहितो.

तर्कशुद्ध

माझा ख्रिस्ती धर्माशी संबंध वाचनापुरता आहे, पण प्रश्न मनापासून विचारतो. सगळं कृपेनेच होणार असेल तर चांगलं वागायचं कशाला? आयुष्यभर दुसऱ्यांना छळलेला माणूस शेवटच्या दिवशी "क्षमा कर" म्हणतो आणि तरतो. ज्यांना त्याने छळलं त्यांनी काय करायचं? ही कृपा की अन्याय?

पायवाट

तर्कशुद्ध, हा प्रश्न पौलाच्या तोंडावरही लोकांनी फेकला होता. रोमकरांस पत्र ६:१ तिथूनच सुरू होतं: कृपा वाढावी म्हणून पाप करत राहावं काय? माझ्या मते कृपेची शिकवण ऐकून हा प्रश्न कोणालाच पडला नाही, तर ती शिकवण नीट सांगितलेलीच नाही.

येशूशेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार बघा. लूक २३ मध्ये तो काय म्हणतो? आम्हाला आमच्या कर्माचं योग्य फळ मिळतं आहे. त्याने काही नाकारलं नाही, कुणावर ढकललं नाही. कृपा वाइटाला चांगलं म्हणत नाही. वाईट पूर्णपणे वाईट आहे हे कबूल करूनच ती मागता येते. आणि त्या माणसाची शिक्षा टळली नाही, तो वधस्तंभावरच मेला. जक्कयाचंही तेच. क्षमा मिळाली म्हणून लोकांचे पैसे बुडाले नाहीत, चौपट परत आले. "देवाने मला क्षमा केली, आता तू गप्प बस," असं ज्याचं नुकसान केलं त्याला सांगणारा माणूस कृपेचं नाव घेऊन दुसरंच काहीतरी करत असतो.

डीट्रिख बोनहोफर या जर्मन पाळकाने १९३७ साली यालाच 'स्वस्त कृपा' म्हटलं होतं. पश्चात्तापाशिवाय क्षमा, येशूच्या मागे न चालता येशूचं नाव. कृपा फुकट मिळते म्हणून ती हलकी होत नाही, ती देताना देवाने स्वतःचा पुत्र दिला, हा त्याचा मुद्दा. हिटलरच्या राजवटीला विरोध केल्याबद्दल एप्रिल १९४५ मध्ये त्याला फाशी दिलं गेलं, त्यामुळे हे तो आरामखुर्चीत बसून लिहीत नव्हता.

छळ सोसलेल्यांचा प्रश्न मात्र याने संपत नाही, हे मान्य. त्यांना "क्षमा करा" म्हणण्याची घाई कोणी करू नये. देव त्यांच्याही बाजूने उभा आहे, आणि वधस्तंभावर स्वतः अन्याय सोसूनच उभा आहे, एवढं मी धरून ठेवतो.

सांजवेळ

मी कॅथलिक आहे. लेख मनापासून आवडला. एक गैरसमज मात्र दूर करते, कारण अशा चर्चेत तो हटकून येतो: "कॅथलिक लोक कर्मांनी तारण मानतात."

आमच्या चर्चच्या त्रेंत परिषदेने १५४७ साली देवापुढे नीतिमान ठरण्याविषयी जो निर्णय दिला त्यात पहिलंच कलम असं आहे, की कृपेवाचून माणूस स्वतःच्या कर्मांनी नीतिमान ठरतो असं जो म्हणेल तो बहिष्कृत असो. सुरुवात देवाच्या कृपेनेच होते, माणसाची कोणतीही लायकी नसताना होते, हेही तिथे लिहिलं आहे. आम्ही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतो. त्या बाळाने काय कमावलेलं असतं? त्याला स्वतःची मानही धरता येत नाही.

फरक पुढे आहे. देव नीतिमान ठरवतो तेव्हा तो आतून बदलतोही, आणि त्या बदलाला माणूस होकार देतो, साथ देतो, असं आम्ही म्हणतो. म्हणून मिस्सा (प्रभुभोजनाची उपासना), पापनिवेदन (धर्मगुरूपुढे पाप कबूल करणं), उपास यांना आमच्याकडे इतकं महत्त्व. त्या वहीवाल्या ताईंना मी म्हणेन, रकाने रिकामे राहिले त्या आठवड्यात पापनिवेदनाला जा. तिथे "मी करू शकले नाही" एवढंच सांगायचं असतं. तुमची वही कोणी तपासत नाही.

ठाम मत

सांजवेळ, आदर ठेवून विचारतो. 'साथ देणं' म्हणजे कर्म मागच्या दाराने आत आणणंच नव्हे का? होकार माझा असेल तर शेजाऱ्यात आणि माझ्यात फरक कशाने पडला? माझ्या होकाराने. मग आढ्यता बाळगायला जागा झालीच की. १६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्ट इथे भरलेल्या रिफॉर्म्ड (कॅल्व्हिनच्या परंपरेतल्या) मंडळ्यांच्या सभेने हाच प्रश्न धसाला लावला आणि सांगितलं, की विश्वास हेही देवाचंच दान. तो होकारही देवच देतो. त्याशिवाय 'केवळ कृपा' म्हणण्यात अर्थ उरत नाही.

सांजवेळ

ऑगस्टीन या प्राचीन धर्मशास्त्र्याचं एक वाक्य आम्ही दोघंही मान्य करू: देव आमच्या पुण्याला मुकुट घालतो तेव्हा तो स्वतःच्याच देणग्यांना मुकुट घालत असतो. त्रेंतच्या निर्णयातही याच अर्थाचं वाक्य आहे. होकार माझा आहे आणि तोही मला दिलेला आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, याचं पूर्ण स्पष्टीकरण माझ्याकडे नाही, आणि ते असलंच पाहिजे असंही मला वाटत नाही.

शिवाय ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक चर्च आणि लूथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या. केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने, आमच्या कुठल्याही गुणामुळे नव्हे, देव आम्हाला स्वीकारतो, असं दोघांनी मिळून म्हटलं आहे. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड मंडळ्यांचा जागतिक संघही त्यात सामील झाला. सगळे मतभेद मिटले नाहीत, पण मूळ गोष्टीवर आपण एकमेकांना पाखंडी म्हणणं थांबवलं, हे थोडं नव्हे.

ठाम मत

जाहीरनामा वाचला आहे. मला तो काही ठिकाणी मोघम वाटतो. पण ऑगस्टीनच्या वाक्याला माझी पूर्ण संमती.

जिज्ञासू

हा वाद वाचताना रामानुजांच्या परंपरेतले दोन न्याय, म्हणजे दृष्टांत, आठवले. वानरीचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, मग आई उडी मारते. मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. वडकलै पंथ पहिला न्याय मानतो, तेनकलै दुसरा. तुमच्यात सांजवेळ वानरीच्या बाजूच्या आणि ठाम मत मांजरीच्या बाजूचे, असं म्हणायचं का?

ठाम मत

जिज्ञासू, फार नेमकं उदाहरण. पण एक अडचण आहे. दोन्ही न्यायांत पिल्लू जिवंत आहे. इफिसकरांस पत्र २:१ म्हणतं, तुम्ही आपल्या अपराधांमुळे मेलेले होता. मेलेलं पिल्लू धरतही नाही आणि आईला हाकही मारत नाही. देव आधी जिवंत करतो. बाकी सगळं त्यानंतर.

सांजवेळ

आणि जिवंत केल्यावर त्या पिल्लाला हातपाय मिळतात ते धरण्यासाठीच, असं मी म्हणेन. ☺

दीपमाळ

पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स परंपरेचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. ऑगस्टीन आणि माणूस स्वतःच्या बळावर चांगलं वागू शकतो असं म्हणणारा पेलागियस यांचा वाद पश्चिमेकडे जेवढा गाजला तेवढा तिथे केंद्रस्थानी कधी आलाच नाही. तिथला मुख्य प्रश्न असा, की कृपा म्हणजे नक्की काय मिळतं? चौदाव्या शतकात ग्रेगरी पालामास या धर्मशास्त्र्याने ग्रीसमधल्या आथोस पर्वतावरच्या साधूंची बाजू घेताना उत्तर दिलं, की कृपा ही देवाने निर्माण करून पाठवलेली वस्तू नव्हे, ती देवाची स्वतःची क्रियाशक्ती आहे, म्हणजे देव स्वतःलाच देतो. २ पेत्र १:४ मध्ये 'दैवी स्वभावाचे भागीदार' असं म्हटलं आहे ते त्यांच्या दृष्टीने तारणाचं मर्म.

मला हे वाढीच्या प्रश्नासाठी महत्त्वाचं वाटतं. कृपा म्हणजे देवाकडून मिळालेला साठा असं समजलं, की तो पुरेल का, संपेल का, मी वाया घालवला का, ही चिंता सुरू होते. कृपा म्हणजे देव स्वतः जवळ असणं असेल, तर साठ्याचा प्रश्नच येत नाही.

साधा वाचक

+१. दीपमाळ यांचा दुसरा परिच्छेद जपून ठेवला.

पंडिता रमाबाईंची साक्ष या धाग्यात यायला हवी. १८८३ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. संस्कृत पंडिता, पुढे अमेरिकेत व्याख्यानं दिली, १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केलं. आणि एवढं सगळं झाल्यावर, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. धर्माचा अभ्यास, सेवा, त्याग, कशाचीच कमतरता नव्हती. उणीव होती ती केवळ देवाच्या दयेवर पूर्ण विसंबण्याची. त्यानंतर त्यांचं काम कमी झालं नाही, कितीतरी वाढलं. "कृपा म्हटलं की माणूस आळशी होतो" म्हणणाऱ्यांनी रमाबाईंचा पुढचा काळ जरूर बघावा.

तर्कशुद्ध

मी जॉन न्यूटनबद्दल वाचलं आहे. कृपेवरचं ते जगप्रसिद्ध इंग्रजी गीत त्याचंच. तो गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजांवर होता. १७४८ मध्ये समुद्रात वादळात सापडला, देवाचा धावा केला, वाचला, बदलला असं सांगतात. पण त्यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला आणि १७५४ पर्यंत त्या धंद्यात होता! ही कसली कृपा, जिला माणसांच्या खरेदीविक्रीत वावगं दिसायला इतकी वर्षं लागतात?

पायवाट

तर्कशुद्ध, यावर सारवासारव करणार नाही. तुम्ही दिलेले तपशील बरोबर आहेत, आणि त्या वर्षांत त्याच्या जहाजाच्या तळघरात साखळदंडांत जी माणसं होती त्यांच्यासाठी "न्यूटन हळूहळू वाढत होता" हे काही उत्तर नव्हे.

दोन गोष्टी मात्र जोडतो. न्यूटनने स्वतः आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेवलं आहे, की वादळानंतर बराच काळ आपण पूर्ण अर्थाने विश्वासणारे होतो असं आपल्याला म्हणवत नाही. म्हणजे वादळाच्या रात्री सगळं झालं, ही गोष्ट त्याची नाही, त्याच्याबद्दल सांगणाऱ्यांची आहे. दुसरं, १७८८ मध्ये त्याने गुलामांच्या व्यापारावर पत्रक छापलं. आपण काय केलं ते उघड सांगितलं, ज्या गोष्टी आठवून काळीज थरथरतं त्यात आपण स्वतः सामील होतो हे लिहिलं, आणि व्यापार बंद व्हावा म्हणून आपली साक्ष लोकांपुढे ठेवली. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला, त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

कृपेमुळे माणूस एका रात्रीत सर्व बाबतींत शहाणा होतो, असं बायबल कुठेच म्हणत नाही. पेत्र बघा. पेन्टेकॉस्टच्या सणाला हजारोंपुढे निर्भयपणे बोलला, आणि नंतर अंत्युखिया नगरात यहुदी मंडळींच्या भीतीने परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहुदी नसलेल्यांबरोबर, जेवणं त्याने सोडलं. पौलाने त्याला तोंडावर दोष दिला (गलती २:११). त्याच पेत्राने येशूला नाकारलं, त्याच्या आधीच येशूने त्याला सांगितलं होतं, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पडायच्या आधीच विनंती केलेली! माझ्या वाढीची शक्यता मला फक्त तिथे दिसते. पण ज्यांना आपल्या न वाढण्याचा फटका बसतो त्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच विचारलंत. मंडळीत आपण एकमेकांना पौलासारखं तोंडावर बोलत नाही, आणि त्याची किंमत दुसरेच कोणीतरी मोजतात.

तर्कशुद्ध

उत्तर प्रामाणिक वाटलं. सहमत आहे असं नाही, पण विचार करतो.

निनावी वाचक

बऱ्याच दिवसांपासून आई अंथरुणाला खिळून आहे. रात्री दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यात प्रार्थनेचं एक वाक्यही पूर्ण होत नाही, मध्येच डोळा लागतो. आमच्या मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी घरी येऊन सांगितलं, "तुमचा विश्वास कमी पडतोय, नाहीतर एव्हाना आई उठून बसली असती." तेव्हापासून प्रार्थना करायचीच भीती वाटते. हा धागा वाचून लिहायचं धाडस केलं.

पायवाट

निनावी, सर्वात आधी हे, की त्या गृहस्थांनी जे सांगितलं ते शुभवर्तमान नाही. विश्वास ही देवाला द्यायची किंमत असती, तर कृपेला कृपा म्हणता आलं नसतं.

२ करिंथ १२ वाचा. पौलाच्या शरीरात काटा होता. तो काढावा म्हणून त्याने तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. पौलाचा विश्वास कमी पडला असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. त्याला उत्तर मिळालं ते असं: माझी कृपा तुला पुरेशी आहे, कारण माझं सामर्थ्य अशक्तपणातच पूर्णत्वाला येतं. आणि प्रार्थना अर्धवट राहते त्याबद्दल रोमकरांस पत्र ८:२६. काय मागावं ते आपल्याला कळत नाही, तेव्हा आत्मा स्वतः शब्दांपलीकडच्या कण्हण्याने आपल्यासाठी मागतो. तुमचं वाक्य मध्येच तुटतं तिथून तो पुढे मागतो आहे.

आईची कूस बदलणं ही सेवा आहे. तुमची प्रार्थना त्या सेवेमुळे मागे पडते आहे असं समजू नका.

सांजवेळ

निनावी, आजपासून तुमच्या आईसाठी आणि तुमच्यासाठी प्रार्थना करते आहे. तुमच्या मंडळीत दुसरं कोणी असेल तर एखाद्या रात्रीची पाळी त्यांना द्या. देवाची कृपा माणसांच्या हातूनही येते. मदत मागण्यात कमीपणा नाही.

दीपमाळ

पूर्वेकडच्या परंपरेत एक अगदी छोटी प्रार्थना आहे. प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर. लूक १८ मधला जकातदार मंदिरात दूर उभा राहून छाती बडवत जे म्हणाला, तिचं मूळ त्यात आहे. एका श्वासात होते. अर्धीच झाली आणि डोळा लागला तरी चालतं.

नवी पालवी

व्यावहारिक प्रश्न. देवच घडवणार असेल, तर मनापासून वाटत नसताना वाचन आणि प्रार्थना करावी का? नुसती यांत्रिकपणे केली तर तो ढोंगीपणा होत नाही का? मी सध्या थांबवली आहे. ओढ वाटेल तेव्हा करीन असं ठरवलं आहे.

पायवाट

नवी पालवी, अगदी हाच वाद मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या काळात झाला होता. २४ मे १७३८ च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका सभेत धर्मसुधारक लूथरने रोमकरांस पत्रावर लिहिलेली प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकताना आपल्याही पापांची क्षमा झाली आहे अशी खात्री वेस्लीला वाटली. नंतर फेटर लेनमधल्या त्याच्याच सोबत्यांपैकी काहींनी शिकवायला सुरुवात केली, की खरा विश्वास येईपर्यंत स्तब्ध राहा, प्रभुभोजन, वाचन, प्रार्थना सगळं थांबवा, नाहीतर तुम्ही कर्मांवर विसंबाल. वेस्लीने याला कसून विरोध केला आणि १७४० मध्ये तो त्यांच्यापासून वेगळा झाला. प्रार्थना, शास्त्रवाचन, प्रभुभोजन ही कृपा कमावण्याची साधनं नव्हेत, देव जिथे भेटायचं वचन देतो त्या या जागा आहेत, असं त्याचं म्हणणं. मनात ओढ नसलेल्यानेही तिथे जाऊन थांबावं. ओढ लावणं हेही देवाचंच काम, आणि बहुतेक वेळा तो ती तिथेच लावतो.

ढोंग तेव्हा होतं जेव्हा लोकांनी बघावं म्हणून आपण करतो. कोरड्या मनाने "देवा, मला आज तुझ्याकडे यावंसं वाटत नाही" असं त्याला सांगणं हे ढोंग कसं होईल? वेळ थोडी ठेवा, एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा. जमलं नाही त्या दिवसाची भरपाई दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचून करू नका, तो हिशेब पुन्हा मानगुटीवर बसतो.

ठाम मत

इथे पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत. वेस्लीचं बाकी सगळं मला पटत नाही, हे मात्र पटतं.

तर्कशुद्ध

शेवटचं विचारतो. मला हे मुळातून वाचायचं असेल तर कुठून सुरुवात करू? टीकाग्रंथ नकोत, थेट मूळ मजकूर.

पायवाट

लूक १५ पासून करा. उधळ्या पुत्राची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण यावेळी थोरल्या भावाकडे लक्ष देऊन वाचा. तो घर सोडून कधी गेला नाही, एकही आज्ञा मोडली नाही, आणि बापाला म्हणतो, मी इतकी वर्षं तुमची चाकरी करतो आहे. मुलगा असून चाकराच्या हिशेबाने जगला. बाप त्याचीही समजूत घालायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही.

मग याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय, कारण तुमचा पहिला आक्षेप त्याने तुमच्याहून कडक शब्दांत मांडला आहे: क्रियांवाचून विश्वास निर्जीव आहे. आणि मग रोमकरांस पत्र अध्याय ५ ते ८ एका बैठकीत. सातव्यात अडाल, सगळेच अडतात. तरी आठवा संपेपर्यंत थांबू नका. वाचून झाल्यावर जिथे पटणार नाही ते इथेच लिहा.